मूठभर टन

दादा कर्नाटकातून कायमचा परत आला, तेव्हा एसटी स्टँडपासून आमच्या घरापर्यंतचा रस्ता त्याला एका दमात चालता आला नाही. अनसिंगच्या स्टँडपासून आमची गल्ली म्हणजे बोलत बोलत संपणारं अंतर. तो आधी पानठेल्यापाशी टेकला, मग पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसला. गिरणीवाल्यानंच मला फोन केला. "ताई, तुमचा भाऊ इथं बसला हाय. येऊन पाहा जरा."

मी गेले. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानापर्यंत ओढून तो बसला होता. प्रत्येक श्वास खोल विहिरीतून शेंदून काढावा तसा घेत होता.

"काय झालं रे?"

"काई नाई वो बाई. चढ हाय न."

तिथं चढ नाही. कधीच नव्हता.

घरात माय होती, वहिनी होती आणि मी. लग्न मोडून मी माहेरी आले त्याला बराच काळ झाला होता. आधी एका खासगी शाळेत विज्ञान शिकवलं, मग ते सोडून घरी बसून कॉम्प्युटरवर भाषांतराची कामं घ्यायला लागले. वहिनी धनजची. दादा बाहेरगावी असायचा तेवढी सगळी वर्षं घरचं रान तिनंच ओढलं, वर दुसऱ्यांच्या शेतात सोयाबीन सोंगायलाही गेली. दादा ठेकेदारासोबत तिकडच्या एका सोन्याच्या खाणीवर गेला होता. दिवाळीला यायचा, आखाडीला यायचा. कुणी विचारलं की सांगायचा, "सावलीतलं काम हाय आपलं. उनाचा तरास नाई." ते ऐकून वहिनीला बरं वाटायचं. आपल्या वाट्याला ऊन आलं, त्याच्या वाट्याला सावली, एवढं तरी झालं, असं ती एकदा म्हणालीही होती.

वाशीमच्या दवाखान्यात टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. दादानं त्या इमानानं घेतल्या. खोकला हटला नाही, दम वाढत गेला. गोळ्या बदलल्या. शेवटी आम्हाला अकोल्याला पाठवलं. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं एक्स-रे खिडकीला लावून धरला आणि तिथूनच दादाला विचारलं.

"काय काम करायचे?"

"खाणीवर होतो मॅडम."

"खाली उतरायचे?"

"नाई. एक दिवसबी नाई उतरलो. वरतीच, खोलीत."

"खोलीत काय करायचे?"

"दगड दळत होतो."

तिनं एक्स-रे खाली ठेवला. मला बाहेर बोलावून तिनं समजावून सांगितलं. दगडाची फार बारीक पूड छातीत जाऊन बसली आहे. फुप्फुस तिच्याभोवती घट्ट होत चाललं आहे. ती बाहेर काढणारं औषध नाही. यावर टीबीही होऊ शकतो, न्युमोनिया होऊ शकतो, ऑक्सिजनचं मशीन लागेल. "खाणीत न उतरताही होतं हे," ती म्हणाली. "बंद खोलीत तर जास्तच."

परतीच्या गाडीत दादा खिडकीपाशी बसला होता. बाहेर तूर फुलोऱ्यावर आली होती.

"काय म्हने ते?"

"दगडाची पूड बसली म्हणे आत."

"मंग काढत नाईत का?"

"नाही काढता येत."

मालेगाव मागं पडल्यावर त्यानं पुन्हा विचारलं, "आन धुवत नाईत का? पान्यानं?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यानं खिडकीची काच लावून घेतली.

त्याच दिवसांत माझ्याकडं एक विचित्र काम आलं. वजनं-मापं बदलून सांगणारी एक वेबसाइट होती, तिची मराठी आवृत्ती करायची. किलोचे पौंड, तोळ्याचे ग्रॅम, इथपर्यंत ठीक होतं. पण त्या यादीत जगातली सगळी मेलेली वजनंही होती, आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावलेली होती. एका पानावर जुन्या खाणकामातलं वजन डावीकडं आणि प्राचीन हिब्रू लोकांचं वजन उजवीकडं. हे कोण कुणाला विचारणार, हा प्रश्न मी पहिल्या दिवशी मनात आणला आणि मग सोडून दिला. काम काम असतं.

हिब्रू वजनांची नावं मला येत नव्हती. वाशीमला चर्चमध्ये जाणाऱ्या एक ओळखीच्या बाई आहेत, त्यांना फोन करून मराठीत रुळलेली रूपं विचारून घेतली. गेरा, बेका, शेकेल, माने, किक्कार. गेरा सगळ्यात लहान, शेंगेतल्या एका दाण्याएवढा. वीस गेऱ्यांचा शेकेल. मी ते मोठ्यानं वाचत होते, तेव्हा माय तांदूळ निवडत बसली होती.

"दान्यानंच तोलत न सोनार आपले," ती म्हणाली. "लाल गुंजा. काळ्या डोळ्याच्या."

"हो. तसंच."

"आन तुह्या त्या शेकेलाचं वजन किती?"

"अकरा ग्रॅम आणि वर थोडं. तोळ्याहून जरासं कमी."

"म्हंजे तोळाच की," मायनं निकाल दिला. "दुसऱ्या गावचा."

खाणीकडच्या वजनांत एक नाव होतं अ‍ॅसे टन. खनिजात सोनं किती आहे हे पारखण्यासाठी केलेलं वजन. ते मी मायला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "असे टन म्हंजे कसे टन?" आम्ही दोघी हसलो. पण माझी खरीच पंचाईत झाली होती. हा टन जेमतेम एकोणतीस ग्रॅमचा. अडीच तोळे. अडीच शेकेलांहून किंचित जास्त. हिशोब असा की एवढीशी पूड तोलून घ्यायची आणि तिच्यातून सोनं वेगळं काढायचं. जेवढे मिलिग्रॅम निघतील, तेवढे औंस सोनं त्या डोंगराच्या एका खऱ्या टनात आहे असं समजायचं. मूठभर पुडीला टन म्हणायचं ते यासाठी.

दादा आतल्या बाजेवर गोधडीच्या वळकटीला टेकून बसलेला असायचा. आडवं झालं की त्याचा जीव गुदमरायचा. मी त्याच्याजवळ जाऊन बसले.

"दादा, तुमच्या तिथं टन नावाचं एक लहान वजन होतं का?"

"वजनाचं मले नाई माहीत. तोलणारे येगळे होते. आमी दळणारे."

मग तो थांबत थांबत, दम घेत सांगू लागला. इतक्या वर्षांत त्या खोलीबद्दल तो घरात पहिल्यांदाच बोलत होता, कारण आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं. डोंगराला भोकं पाडून काढलेले दगडाचे दांडे यायचे. आधी ते एका मशीनच्या जबड्यात फोडायचे, मग दुसऱ्या मशीनमध्ये दळायचे, मैद्याहून बारीक होईपर्यंत. एक दगड झाला की मशीन साफ करायचं. पाणी लावायचं नाही, कारण पूड कोरडी हवी. नळीनं जोराची हवा मारायची.

"फुंकून साफ करा लागे," तो म्हणाला. "नाईतर एका दगडाचं सोनं दुसऱ्यात जाते न. मंग हिशोब चुकते त्याईचा. हवा मारली का समोरचा मानूस दिसत नव्हता, इतकं धुकं."

"तोंडाला काय बांधायचात?"

"रुमाल. मास्क देल्ते एकदा. ते फाटले."

"आणि तोलायचं कुठं?"

"शेजारच्या खोलीत. काचेची पेटी होती, तिच्यात तराजू. दार बंद. तोलणारी एक पोरगी होती. चिमटीनं पूड टाके आन श्वास रोखून पाहे. श्वासानं बी काटा हालते म्हने." त्यानं दम घेतला. "आमाले आत येऊ देत नव्हते. आमच्या अंगावरची धूळ पडन म्हनून. मी दाराच्या काचेतून पाह्यचो. एवढीशी पूड राहे, बाई. एवढीशी." त्यानं एका तळहाताचा खोलगा करून दाखवला आणि मग तो हात तसाच मांडीवर ठेवून त्याच्याकडं पाहत बसला. "त्याले टन म्हनत? आमाले कोनी सांगतलं नाई."

मी कामाला परत जाऊन बसले. त्या पानावर काय लिहायचं ते मला आता ठाऊक होतं, पण ते पान बाजूला ठेवून मी पुढचं उघडलं.

त्यानंतर काही आठवडे दादाला एक नाद लागला. तो बाजेवरून ओरडायचा, म्हणजे त्याच्या मानानं ओरडायचा, "बाई, हा लोटा किती शेकेल?" स्वयंपाकघरातला काटा आणून मी लोटा तोलायचे आणि सांगायचे. मग गूळ. मग मायची चप्पल. शेजारची मांजर आली तर तिलाही पिशवीत घालून तोललं. ती पिशवी फाडून पळाली आणि दादा हसला, आणि हसता हसता निळा पडला. एव्हाना घरी आणलेल्या ऑक्सिजनच्या मशीनची नळी नाकाला लावून तो पुन्हा माणसात येईपर्यंत वहिनी दारात उभी होती.

"तुमाले काई समजते का?" ती मला म्हणाली. "मानूस धापा टाकून राह्यला आन तुमी मांजरी तोलता?"

दादानं हातानं तिला थांबवलं. बोलता आल्यावर म्हणाला, "मीच सांगतो तिले. तेवढंच बरं वाटते."

वहिनी आत गेली. भाकरी थापण्याचा आवाज त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा मोठा होता.

तिकडं दादासोबत दळायला एक जोडीदार होता, खाणीच्या जवळच्याच गावचा. दादा त्याला पार्टनर म्हणायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. हिंदीच्या तुकड्यांवर त्यांची वर्षं गेली होती, एका डब्यात जेवण, एका खोलीत झोप. एके दिवशी सकाळी दादा म्हणाला, "पार्टनरले फोन लाव. त्याले सांगू, तपासून घे म्हनून. तो अजून तिथंच असन."

मी फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. त्याच्या बायकोनं उचलला. दादानं हिंदीत विचारलं, "भाभी, पार्टनर है क्या?"

ती म्हणाली, "वो तो नहीं रहे भैया."

"कब?"

ती काहीतरी कानडीत म्हणाली. मग हिंदी जुळवत सांगितलं, "बारिश में. बहुत खाँसी था. टीबी बोला था डॉक्टर." आणि मग तिनंच विचारलं, "आप ठीक हो न भैया?"

दादा माझ्या हातातल्या फोनकडं पाहत होता. "हाँ भाभी," तो म्हणाला, "एकदम ठीक."

फोन बंद झाल्यावर वहिनी भिंतीला धरून खाली बसली. माय देवळीकडं तोंड करून राहिली. कुणी रडलं नाही. रडायला घरात अजून कुणी गेलं नव्हतं. दादानं त्या दिवसापासून काहीही तोलायला सांगितलं नाही.

हिवाळ्यात तो झपाट्यानं उतरला. जेवायला श्वास लागतो हे मला तेव्हा कळलं. दोन घास खाल्ले की त्याला थांबावं लागे, आणि थांबला की भूक मरून जाई. दवाखान्यात दर वेळी काट्यावर उभं करायचे आणि नर्स आकडा मोठ्यानं म्हणायची. शेवटच्या वेळी तिनं तो हळू म्हटला. घरी आल्यावर दादा मला म्हणाला, "ते तुह्यं सगळ्यात मोठं वजन कोन्तं व्हतं?"

"किक्कार."

"किती किलो?"

मी खोटं बोलू शकले असते. "चौतीसच्या आसपास," मी म्हटलं.

त्यानं आढ्याच्या टिनाकडं पाहिलं. "मंग मी तेवढाच राह्यलो," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. बाजारभाव सांगावा तसा.

संक्रांतीच्या पुढं एका सकाळी त्याचे ओठ काळे पडायला लागले. अ‍ॅम्ब्युलन्स आली, पण गल्ली नळाच्या पाइपासाठी खणून ठेवली होती. ती मोठ्या रस्त्यावरच थांबली. शेजारचे लोक शेतात गेले होते. ड्रायव्हर स्ट्रेचर काढू लागला तेवढ्यात वहिनीनं दादाला बाजेवरून उचललं आणि खांद्यावर घेतलं. पोतं घेतात तसं नाही. लेकराला घेतात तसं, त्याचं डोकं मानेत धरून. खणलेल्या मातीवरून ती चालत गेली. मी मशीन आणि नळी घेऊन मागं होते. दादा तिच्या कानात काहीतरी सांगत होता. काय, ते तिनं मला आजवर सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

वाशीमला पोचेपर्यंत तो होता. दवाखान्याच्या दारातून आत नेल्यावर नव्हता. दुपार झाली होती, बाहेर लोक डबे सोडून जेवत बसले होते. वहिनीनं त्याच्या पायातले मोजे काढले, घडी करून आपल्या पदरात बांधले, आणि मला म्हणाली, "मायले फोन तुमी करा. माह्याच्यानं होत नाई."

तेराव्यानंतर मी पुन्हा कॉम्प्युटरपाशी बसले. उरलेली पानं द्यायची होती. अ‍ॅसे टनाच्या पानावर दोन-तीन ओळींत व्याख्या लिहायची असते. मी लिहिलं की हे वजन दळलेल्या खडकाच्या पुडीसाठी वापरतात, आणि पुढं एक वाक्य आणखी घातलं: ही पूड दळणाऱ्याच्या छातीत गेली तर निघत नाही. मूळ मजकुरात ते नव्हतं, हे मला माहीत होतं. आठवड्यानं पान तपासून परत आलं. ते वाक्य काढलेलं होतं. बाजूला विनम्र शेरा होता, की व्याख्येशी याचा संबंध दिसत नाही. त्यांच्या बाजूनं ते बरोबर होतं. मी पान पाठवून दिलं.

उन्हाळ्यात सोयाबीनचं काम नसतं, तूर निघून गेलेली असते, हरभराही घरात आलेला असतो. तेव्हा रिसोडकडून एक जीप आली. ठेकेदाराचा माणूस होता, दादाला नेणारा तो नव्हे. देवळाच्या पारावर त्यानं लोक जमवले. खाणीवरचं काम आहे, राहायला खोली आहे, आणि मुख्य म्हणजे, तो म्हणाला, "उनात नाई. सावलीतलं काम."

वहिनी पाण्याचा हंडा घेऊन तिकडून चालली होती. ती थांबली. तिनं हंडा पाराच्या कडेला ठेवला. आमच्याकडं बायका पारापाशी उभ्या राहून बोलत नाहीत. ती मात्र बोलली.

"सावलीतच मेला माहा मानूस," ती म्हणाली. "काय दळा लागते तिथं, ते इचारा ह्याले. तोंडावर काय देतात, ते इचारा. पानी मारतात का कोरडं दळतात, ते इचारा."

जीपवाला म्हणाला, "बाई, ते दुसरी कंपनी असन. आमच्याकडं तसं नाई."

"मंग सांग न कसं हाय ते."

जीपवाला हसला आणि त्यानं लोकांकडं पाहून खांदे उडवले. कुणीतरी वहिनीला म्हणालं, "जाऊ द्या वो वहिनी, तुमचं दुःख आमाले समजते." तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो दुसरीकडं पाहू लागला. मग हंडा उचलून ती घरी आली आणि चुलीपाशी बसली. माय तिच्याजवळ सरकली आणि तिनं फक्त तिच्या पाठीवर हात ठेवला.

काही लोक गेलेच. घरी बसून कुणाचं भागतं? पलीकडच्या गल्लीतला एक जण, ज्याची बायको वहिनीसोबत निंदायला येते, तोही गेला. महिनाभरानं त्याचा मला फोन आला. आवाज दबका होता.

"ताई, इथं कोरडंच दळतात. मुकादमाले हिंदीत कसं इचारू, पानी मारून दळता येईन का म्हनून?"

मी त्याला वाक्य जुळवून दिलं. त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं, मी चुका सुधारल्या.

काही दिवसांनी तो स्वतःच घरी आला, बॅग हातात घेऊन, सरळ स्टँडवरून. "इचारलं ताई," तो म्हणाला. "उद्यापासून येऊ नको म्हने."

आता हा काय करणार, बायको काय म्हणेल, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. वहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग म्हणाली, "खोकला आला का तिथं?"

"नाई अजून."

"बस मंग. जेवून जाय."

तो आता पुण्याकडं एका इमारतीच्या कामावर आहे. तिथंही धूळ असतेच, असं त्याची बायको सांगते. उघड्यावर असते, एवढंच.